धुरपदाची हिंदी

वैशाखातल्या वादळानं पिंपळखेड्यातल्या केळीच्या बागा आडव्या केल्या, त्या साली केळीच्या रेल्वे डब्यासोबत दिल्लीला जायला जीवराम तयार झाला. एरवी त्या कामाला गावातून कोणी पुढं येत नसे. मालगाडीच्या डब्यात घडांच्या थप्प्यांमधे पाल्यावर बसून जायचं, दार किलकिलं ठेवून मालाला वारा द्यायचा, स्टेशनास्टेशनावर चोरट्यांना हाकलायचं आणि पाचव्या-सहाव्या दिवशी दिल्लीच्या मंडईत माल उतरवून द्यायचा. लघवीला उतरावं तर गाडी सुटायची भीती. पण जीवरामच्या दोन बिघ्यांत उभं झाड औषधाला उरलं नव्हतं. दुसऱ्याच्या बागेत घड वाहून खांदे सोलून घेण्यापेक्षा हे बरं, असं त्यानं ठरवलं.

घरात तीनच माणसं. जीवराम, त्याची बायको धुरपदा आणि म्हातारी आई भागाबाई. एक लेक झाली होती, ती सहा महिन्यांची होऊन देवीत गेली. पुन्हा पाळणा हलला नाही.

"तढी कोन्हाले आपलं बोलनं समजीन का रे भाऊ?" भाकरी फडक्यात बांधता बांधता भागाबाईनं विचारलं.

"केयी पिकली का नही, हे सांगाले बोलनं कशाले लागते माय?" जीवराम हसून म्हणाला आणि निंभोरा स्टेशनाच्या वाटेला लागला.

बोलणं लागतं हे त्याला पहिल्याच फेरीत कळलं. मंडईत उतरल्या उतरल्या त्यानं एका हमालाला "मले पानी दे ना भाऊ" म्हटलं, तर चार हमाल गोळा झाले. एकानं त्याची नक्कल केली, दुसऱ्यानं टोपी उडवली. त्या दिवसापासून मंडईत त्याचं नावच पडलं मले-तुले. "ए मले-तुले, इधर आ." "ए मले-तुले, बोरा उठा." घरी येऊन त्यानं हे हसत हसतच सांगितलं, पण धुरपदानं पाहिलं, सांगताना तो चुलीतलं लाकूड उगाच आतबाहेर करत होता.

तिसऱ्या फेरीपर्यंत त्यानं 'मले' टाकून दिलं. अंगणात आला की पोरांना "अरे सुनो" म्हणू लागला, बैलाला "चलो बेटा" म्हणू लागला. गाव हसायचं. भागाबाईही पदर तोंडाला लावून हसायची. आणि तो धुरपदाला दरवेळी काहीतरी आणायचा. कधी काचेच्या बांगड्या, कधी नुसते शब्द. भाकर म्हणजे रोटी, केयी म्हणजे केला, बायको म्हणजे औरत. धुरपदा शेण थापता थापता ते शब्द तोंडात घोळवायची.

पुढं दिल्लीच्या एका अडतदारानं त्याला ठेवूनच घेतलं. खानदेशातला माल ओळखणारा आणि दोन्हीकडचं बोलणारा माणूस त्याला हवाच होता. जीवराम शाळेत गेला नव्हता, म्हणून मंडईतल्या मुनीमाकडून कागद लिहवून धाडू लागला. मुनीमाला हिंदीच येई. तो कागद आला की सासू-सुना शाळेच्या ओट्यावर जायच्या आणि पितांबर गुरुजी तो मोठ्यानं वाचून अर्थ सांगायचे. ओट्यावर दुपारची चार माणसं बसलेली असायचीच.

एकदा गुरुजींनी वाचलं, "धुरपदा से कहना, उसके हाथ की रोटी याद आती है."

"नुसती रोटीच याद येते का रे?" ओट्यावरून कोणीतरी म्हणालं आणि सगळे खदखदून हसले. गुरुजी चांगले माणूस. त्यांनी दटावलं. पण स्वतःच्या हसण्याला त्यांनाही आवर घालावा लागला.

धुरपदा खाली मान घालून सासूच्या मागं घरी आली. नवऱ्यानं आपल्याला सांगितलेलं आपल्याआधी गावानं ऐकायचं, ही गोष्ट तिच्या नखात काटा मोडावा तशी ठुसठुसत राहिली. तीन दिवसांनी ती एकटीच शाळेकडं गेली आणि पायरीखाली उभी राहून म्हणाली,

"गुर्जी, ते हिंदी का काय, ते मले येईन का?"

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. गावोगाव हिंदीचे वर्ग निघत होते. पितांबर गुरुजींनी स्वतः तीन परीक्षा दिल्या होत्या. आता दिल्लीची भाषा ती सगळ्यांची भाषा, असं ते ध्वजवंदनाच्या भाषणात म्हणत. वर्ग काढायचा तर बायांचाही काढू, असं म्हणून त्यांनी दवंडी दिली. पहिल्या दिवशी पाच बाया आल्या. पंधरा दिवसांत दोन राहिल्या. पोळ्यापर्यंत धुरपदा एकटी उरली.

"काय वं धुरपदा, दिल्लीले राज कराले जाती का?" शेजारची वच्छलाबाई विहिरीवर म्हणायची.

"नही वं माय. एक कागद वाचता आला म्हने झालं."

तिला मराठी अक्षरही येत नव्हतं. जे पहिलं अक्षर तिनं गिरवलं ते हिंदीच्या पुस्तकातलं. केळीच्या चिकानं काळी पडलेली बोटं, त्यांत खडू धरवत नसे. पाटीवर काना काढला की तो विळ्यासारखा वाकडा यायचा. चूल सारवली की ओल्या भिंतीवर ती कोळशानं अक्षरं काढायची आणि भाकरी भाजेपर्यंत पुसायची. नर-मादीचा घोळ तर सुटता सुटेना. "गाड़ी आता है" म्हटलं की गुरुजी टेबलावर छडी आपटत. "आती! आती! गाडी बाई आहे, धुरपदाबाई!" ती घाबरून "हो जी" म्हणायची आणि घरी जाताना वाटभर आती आती म्हणत चालायची.

वर्ष उलटता एक कागद तिनं गुरुजींकडं नेलाच नाही. वना टपालवाल्याच्या हातून घेतला, पोटाशी धरला आणि बागेत जाऊन पाडलेल्या खोडावर बसली. सगळी दुपार लागली. चार ओळी अडल्या, त्या तिनं आठ वेळा वाचल्या. मग घरी येऊन सासूला सगळा कागद वाचून दाखवला. भागाबाई कागदाकडं न पाहता सुनेच्या तोंडाकडं पाहत राहिली.

"तुह्या तोंडून मह्या पोऱ्या बोलू राह्यला वं," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात धुरपदानं उत्तर लिहिलं. "आप कब आयेंगे?" लिहून झाल्यावर ती त्या पहिल्या शब्दाकडंच बघत बसली. तिच्या बोलीत नवऱ्याला हाक मारायला शब्द नव्हता. 'ऐकलं का' एवढ्यावर बारा वर्षं संसार झाला होता. आता तिच्याजवळ आप होता.

घरची बाग पुन्हा उभी राहिली. कापणीला आली तेव्हा दिल्लीचे दोन व्यापारी आणि त्यांचा इथला दलाल रतिलाल बांधावर येऊन बसले. धुरपदा पाला कापत होती. त्यांच्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "आज ही सारा कटवा लो. परसों कह देंगे वैगन नहीं मिला. माल पड़ा-पड़ा काला होगा, तो बुढ़िया खुद हाथ जोड़ेगी."

धुरपदानं विळा खाली ठेवला. पदर डोक्यावर घेतला आणि दोन पावलं पुढं येऊन म्हणाली, "वैगन नहीं मिला तो काटेंगे काहे को? पहले डिब्बा दिखाइये, फिर घड़ को हाथ लगाइये."

रतिलालच्या तोंडातली विडी तशीच राहिली. त्या दिवशी घड झाडावरच राहिले आणि डबा लागल्यावर कापले गेले. सांजच्याला ही गोष्ट घरोघर झाली. तेव्हापासून दिल्लीवाला आला, पंजाबी ट्रकवाला वाट चुकला, बैरागी दारात उभा राहिला, की गावात एकच बोलणं व्हायचं, "धुरपदाले बलावा." ती हात धुऊन, पदर नीट करून जायची. चालण्यात जरा निराळेपण येई, ते तिलाही कळायचं.

हे सगळं जीवरामला दाखवायचं राहिलं होतं; तिचे कागद गुरुजीच लिहून देतात, असंच तो धरून चालला होता.

तो आला दोन वर्षांनी, दिवाळीत. अंगात पायजमा, गालफडं बसलेली, खोकला. भागाबाईनं कळण्याची भाकर केली, ठेचा वाटला. तो जेवायला बसला. धुरपदानं दिवसभर जुळवून ठेवलेलं वाक्य पुढं केलं.

"और एक रोटी दूँ आपको?"

त्याचा घास हातातच राहिला. "हे कुठी शिकली तू?"

"आपके लिए सीखी," ती म्हणाली. नर-मादी चुकली नव्हती.

जीवरामनं हातातला घास ताटात ठेवला. मग ताटाकडं बघत म्हणाला, "मह्याशी नको बोलू ते. दिवसभर तढी तोंड वाकडं करू करू जबडा दुखते मह्या. दोन वर्सं झाले, 'जेवला का रे' असं मले कोन्ही नही पुसलं. ते ऐकाले आलो मी घरी. तूबी तेच लावलं का?"

भागाबाई म्हणाली, "अरे, तुह्याचसाठी शिकली ना ती बिचारी."

"समजते मले," तो म्हणाला आणि पुन्हा जेवू लागला.

धुरपदानं भाकर वाढली. "घ्या," एवढंच म्हणाली. मोरीत भांडी घासताना तिला रडू आलं नाही, राग आला. त्या काळ्या भिंती, ती छडी, गावाचं हसणं, सगळं ज्याच्यापायी सोसलं त्याला ते नको होतं. तो आठ दिवस राहिला. बहुतेक झोपूनच असायचा, जागा झाला की आईजवळ बसून गावातल्या म्हशींच्या, मेलेल्या-जित्यांच्या गोष्टी ऐकायचा. धुरपदा त्याच्याशी हिंदीतलं एक अक्षर बोलली नाही. नवव्या दिवशी तो गेला.

त्यानंतर कागद विरळ झाले. मग थांबले. डब्यांसोबत जाणारी माणसं येऊन सांगत, त्यानं जुना अडतदार सोडला, खोली बदलली, मंडईत कधीमधी दिसतो. धुरपदानं जुन्या पत्त्यावर चार कागद लिहिले. एकाचंही उत्तर आलं नाही. तिसरी दिवाळी गेली.

माघ सरत आला होता. धुरपदा अभिमन पाटलाच्या बागेत गाडीत घड रचत होती. वच्छलाबाई बांधावरून धावत आली.

"चाल वं लवकर. पारावर एक बाई येऊन बसेल हाये, दिल्लीकडची दिसते. काय म्हन्ते कोन्हाले समजत नही."

धुरपदानं हातावरचा चीक राखेनं घासला, पदर सारखा केला आणि निघाली. पारावर दहा-पंधरा माणसं उभी होती. त्यांनी तिला वाट दिली. बाई पस्तिशीची असेल. मळकं पांढरं लुगडं त्यांच्याकडच्या पद्धतीनं नेसलेलं, मांडीवर गाठोडं. हात रिकामे. नाकाला भोक होतं आणि ते बुजू नये म्हणून त्यात कडुनिंबाची काडी घातलेली होती.

"किसका घर चाहिए, बहनजी?" धुरपदानं विचारलं. माणसं ऐकताहेत हे तिला जाणवत होतं.

आपल्या भाषेतला शब्द कानी पडताच त्या बाईचा चेहरा सैल झाला. "जीवराम का. उनकी माँ यहीं रहती हैं न?"

धुरपदाची नजर तिच्या रिकाम्या हातांवर गेली. "घर चलिए," ती म्हणाली. ती पुढं झाली, बाई मागून आली.

भागाबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. त्या बाईनं पायांना हात लावला, खाली बसली आणि गाठोडं सोडलं. आत एक टोपी होती आणि चांदीचा करदोरा. त्या करदोऱ्याची एक कडी तुटली होती, ती भागाबाईनं स्वतः काळ्या दोऱ्यानं बांधून दिली होती. दोरा तसाच होता.

कोणाला काही सांगावं लागलं नाही. भागाबाईनं करदोरा हातात घेतला, कडी चाचपली, आणि मग तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारच्या बाया शिजतं अन्न टाकून आल्या. धुरपदाच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, अंगावर पाणी घातलं. हे सगळं होत असताना ती दुसरी बाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्याकडं कोणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटायला येणाऱ्यांची वर्दळ थांबली. घरात तिघीच उरल्या. शेजारून आलेली भाकर-आमटी त्या बाईपुढं ठेवली होती. तिनं कालपासून अन्नाला शिवलं नव्हतं. तिचं नाव बिट्टन. मंडईत भाजी निवडायचं काम करी.

"इचार तिले," भागाबाई म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता. "कोन ती, आन कसा गेला तो. बठ्ठं इचार."

धुरपदानं विचारलं, "आप उनकी कौन?"

बिट्टननं खाली पाहिलं. "तीन साल से उनकी रोटी मैं बनाती थी. फेरे नहीं हुए. पर घर वही था." मग हळूच म्हणाली, "मुझे मालूम था आप हैं. उन्होंने छुपाया नहीं. लौटने की बात चलती तो कहते, अब किस मुँह से जाऊँ."

"काय म्हन्ते वं?" भागाबाईनं विचारलं.

धुरपदा मनात वर्षं मोजत होती. तीन साल. दिवाळीला आला तो, ती मोरीत भांडी घासत होती, त्यानंतरचीच ही तीन वर्षं. समोरच्या बाईच्या तोंडातला एक शब्दही अडला नव्हता, सगळे लख्ख समजले होते. न समजते तर बरं झालं असतं.

"खोलीच्या मालकीनबाई हाये त्या," ती सासूला म्हणाली. "त्यायले भाकर करून घालत."

भागाबाईनं बिट्टनच्या रिकाम्या मनगटांकडं पाहिलं. फुटलेल्या बांगडीचा ओरखडा तिथं अजून होता. म्हातारीनं नजर न शिवलेल्या ताटाकडं वळवली. मग म्हणाली, "बरं. पह्यले तिले जेवू घाल."

धुरपदानं ताट पुढं सरकवलं. बिट्टननं मागं सारलं.

"पहले एक बात पूछनी है. उसी के लिए इतनी दूर आई हूँ. जब तक पूछ न लूँ, गले से नहीं उतरेगा." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पूस में बीमारी बढ़ गई. कोठरी नीचे की थी, खिड़की भी नहीं. आखिर के आठ दिन वे हिंदी भूल गए. एकदम. मैं बोलती तो मुँह ताकते, जैसे मैं कोई गैर हूँ. और खुद अपनी बोली बोलते जाते, बोलते जाते. तीन साल साथ रही और आखिर में उनकी एक बात मेरी समझ में नहीं आई. बस एक लफ्ज पकड़ में आया. ऊन. दिन-रात वही. मले ऊन, मले ऊन."

धुरपदाचा हात ताटाच्या काठावर होता, तो तिथंच राहिला.

"ठंड बहुत थी. मैंने सोचा ऊनी कपड़ा माँगते हैं. नाक की कील बेची, कंबल लाई, अच्छी ऊन का. ओढ़ाया. उन्होंने फेंक दिया. मैंने फिर ओढ़ाया. ताकत नहीं थी, फिर भी फेंकते थे. और फिर वही, ऊन, ऊन. आखिरी दिन मैंने दोनों हाथ दबाकर ओढ़ाए रखा. उसी में गए." ती थांबली. "माँगते भी थे और फेंकते भी थे. मंडी में सबसे पूछा. सब बोले, ऊन माने ऊन. पर उनकी बोली का तो वहाँ कोई था नहीं. आप बताइये. आपके यहाँ भी ऊन माने ऊन ही होता है न?"

पहिल्या पुस्तकात ऊच्या पानावर लोकरीचा गुंडा काढलेला होता. ऊ से ऊन. पाच बाया होत्या तेव्हा वर्गात. त्या पानावर सगळ्या हसल्या होत्या. ऊन कुठं असं दोऱ्याचं असतं का, असं वच्छलाबाई म्हणाली होती, आणि गुरुजींनी फळ्यावर लिहून दिलं होतं: आपलं ऊन म्हणजे हिंदीत धूप.

धूप. एवढासा शब्द. तो धुरपदाच्या जिभेवर येऊन उभा राहिला. या बाईनं तीन वर्षं माझं घर खाल्लं. त्याच्या तोंडून उनात न्या, उनात न्या निघत होतं आणि हिनं त्याला अंधाऱ्या खोलीत कांबळ्याखाली दाबून धरलं. एक शब्द टाकला की झालं. ही बाई जन्मभर त्या शब्दाखाली दबून राहील, तो कांबळ्याखाली राहिला तशी.  तिला ती खोली दिसत होती. आपण तिथं असतो तर खाट उचलून बाहेर आणली असती, एकटीनं आणली असती, घड वाहिलेला खांदा होता. पण आपण तिथं नव्हतो. ही होती.

बिट्टन तिच्या ओठांकडं पाहत होती. नाकातली काडी श्वासाबरोबर हलत होती.

"वही होता है," धुरपदा म्हणाली. "ऊन माने ऊन."

"सच?"

"सच. कंबल ही माँगते थे. बुखार में आदमी माँगता भी है, फेंकता भी है. आपने ठीक किया."

बिट्टननं डोळे मिटले. तिच्या अंगातून काहीतरी उतरून गेल्यासारखे तिचे खांदे खाली आले. मग तिनं ताट ओढलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. दोन दिवसांची भूक होती. ती घाईघाईनं जेवू लागली.

"ती मघापासून ऊन ऊन काय म्हन्ते वं?" भागाबाईनं विचारलं.

धुरपदाला वाटलं होतं आता संपलं. म्हातारीकडं न वळताच ती म्हणाली,

"काही नही आत्या."

"मह्याशी खोटं नको बोलू. मह्या पोऱ्या काय म्हने मरता टायमाले? सांग."

"उनात न्या म्हनत," धुरपदा म्हणाली. दुसरं काही तिला सुचलं नाही. "थंडी व्हती ना तढी. मले उनात न्या म्हनत."

 लहानपणी हिवताप भरला की तो अंगणात उनाला जाऊन बसायचा, हे भागाबाईला कोणी सांगायला नको होतं.

"मंग?" ती पुढं सरकली. "नेलं का वं तिनं?"

'ऊन' ऐकून बिट्टननं मान वर केली होती. तोंडात घास, आणि एकदा म्हातारीकडं, एकदा धुरपदाकडं पाहत होती.

"नेलं आत्या," धुरपदा म्हणाली. "खाट उचलून भायेर नेली तिनं. उनातच गेले ते."

भागाबाई गुडघ्यावर हात रेटत उठली. बिट्टनपर्यंत गेली आणि तिनं आपला हात तिच्या डोक्यावर ठेवला. "लई चांगलं केलं वं माय तू. मह्या लेकराले उनात नेलं. तुह्यं भलं होवो."

बिट्टनला त्यातलं काही कळलं नाही. पण तो हात कळला. उष्टा हात तसाच ठेवून ती म्हातारीच्या पोटाशी डोकं लावून हमसून रडू लागली. मधेच तिनं विचारलं, "क्या कहती हैं माँजी?"

"कहती हैं, बहुत अच्छा किया," धुरपदा म्हणाली.

दोघी एकमेकींना धरून रडत होत्या. धुरपदा ताटाजवळ बसून राहिली. तिच्याकडं कोणी हात केला नाही, आणि तिनं केला असता तर कोणाकडं करायचा, हे तिला समजत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अभिमन पाटलाच्या गाडीतून तिनं बिट्टनला निंभोऱ्याला पोचवलं. गाडी येईपर्यंत दोघी बाकावर बसल्या होत्या. बिट्टन म्हणाली, तुमची हिंदी चांगली आहे, कोणी शिकवली? शाळेत शिकले, असं धुरपदानं सांगितलं. गाडीत चढताना बिट्टननं वळून तिचे हात धरले. धुरपदानं धरू दिले.

तेराव्यापर्यंत माणसं येत राहिली. भागाबाई प्रत्येकाला तेच सांगायची, "मह्या जीवराम उनात गेला. खोलीवाल्या बाईनं खाट भायेर काढली व्हती. धुरपदाले इचारा, तिले बठ्ठं समजलं." माणसं धुरपदाकडं वळायची. ती मान हलवायची.

कामाला जायला लागली तरी ते सुटलं नाही. रोज ती घड वाहून आली, हातपाय धुऊन बसली, की म्हातारी जवळ सरकायची. तिला आता आणखी हवं असायचं.

"खाट कुठी टाकली व्हती वं?"

"अंगनात."

"अंगन हाये का तढी?"

"हाये आत्या. मोठं हाये."

"झाड?"

"निंबाचं हाये एक. पन त्याची सावली नही येत खाटीवर."

दिल्ली धुरपदानं पाहिली नव्हती. ती दर दिवशी तिथं थोडं थोडं अंगण वाढवत होती. एक दिवस तिनं पाण्याचा रांजण ठेवला, एक दिवस दाणे टिपायला कबुतरं आणली. म्हातारी डोळे मिटून ऐकायची.

एके दिवशी ऐकता ऐकता ती थांबली आणि म्हणाली, "ऊन कसं व्हतं वं त्या दिशी? कडक नव्हतं ना?"

धुरपदाचा खांदा सोलवटला होता. ती त्यावर तेल चोळत होती. तिनं हात थांबवला.

"नही आत्या," ती म्हणाली. "कवयं व्हतं. त्यायच्या तोंडावर येत व्हतं."

"डोये मिटेल व्हते का उघडे?"

"मिटेल व्हते."

"बरं," म्हातारी म्हणाली. "मंग आंगाले लागलं त्याच्या."

"हो," धुरपदा म्हणाली, "लागलं."